आईंची वेणी

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू होऊन तीन दिवस झाले होते. २०२३ चा मे महिना. नागपूरच्या रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून सकाळची ड्युटी संपवून साडेतीनला घरी आले, तेव्हा मागच्या खोलीत कूलर चालू होता, वाळ्याचा ओला वास दारापर्यंत येत होता आणि आई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. काहीतरी चुकलंय हे मला उंबऱ्यातच जाणवलं, पण काय ते कळायला थोडा वेळ गेला. उशीवर वेणी नव्हती.

आईंची वेणी कमरेच्या खाली यायची. एक्क्याऐंशीव्या वर्षी ती जाड राहिली नव्हती, शेवटाला बोटाएवढी बारीक झाली होती, पण लांबी तेवढीच होती. त्या आयुष्यात कधी पार्लरमध्ये गेल्या नाहीत. खोबरेल तेलात मेथीदाणे टाकून ते उन्हात ठेवायचं आणि रोज सकाळी स्वतःची वेणी स्वतः घालायची, असा पासष्ट-सत्तर वर्षांचा नेम. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना लकवा आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, बोलता काहीच यायचं नाही. तेव्हापासून पहाटे ड्युटीला निघण्याआधी मी त्यांची वेणी घालत असे. वेणी झाली की त्या डाव्या हाताने तिचं टोक पकडून छातीवर ठेवायच्या आणि दिवसभर तो हात तिथेच असायचा. त्या दुपारी तोच हात खांद्यावर, उशीवर, पुन्हा खांद्यावर फिरत होता.

घरी आजारी माणसाजवळ राहायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली मुलगी कोपऱ्यात उभी होती. गोंदियाकडची, बावीस-तेवीस वर्षांची. केस तिने वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरून ठेवले होते. "मॅडम, लय गुंता झाल्ता. विंचरूनच नाही होऊन राहिलं होतं. सुपरवायझरला फोन केला, तर ते म्हणे काप म्हणून." मी तिच्यावर ओरडले. शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले. ती रडायला लागली आणि आई डोळे मिटून पडून राहिल्या.

मग आईंना कुशीवर घेतलं. पस्तीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप पाठीवर गेला. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. बोटाने दाबला. निरोगी कातडी दाबली की पांढरी पडते आणि बोट काढलं की पुन्हा लाल होते. हा डाग दाबल्यावरही लालच राहिला. बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. म्हणजे रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, ती बदलली जात नव्हती.

हा लेख वेणीचा आहे की कायद्याचा, हे मलाही लिहायला बसल्यावरच कळत गेलं. हॉस्पिटलात मी इन्चार्ज सिस्टर आहे. तपासणी, नोंदणी, नूतनीकरण, रजिस्टरं यांत माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला आहे. एखाद्या इमारतीत आजारी माणूस ठेवायचा तर किती कागद लागतात हे मला पाठ आहे. पण तोच आजारी माणूस घराच्या मागच्या खोलीत असेल तर एकही कागद लागत नाही, हे मला त्या दुपारपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

आमच्या हॉस्पिटलची नोंदणी ज्या कायद्याखाली होते तो १९४९ चा आहे. शुश्रूषागृह (म्हणजे नर्सिंग होम) नोंदणी अधिनियम. तो मुंबई प्रांताने केला तेव्हा आपलं नागपूर त्या प्रांतात नव्हतंच, मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. राज्यांची जुळवाजुळव झाल्यावर तो इकडे आला. केंद्राने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. त्यामुळे आपल्याकडे आजही तोच जुना कायदा चालतो. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग नोंदणी करतो आणि दर तीन वर्षांनी ती नवी करावी लागते. जैव कचऱ्याच्या पिवळ्या, लाल पिशव्या आणि निळे डबे वेगळे. सोनोग्राफी असेल तर गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या पीसीपीएनडीटी कायद्याचा फॉर्म एफ. आगीच्या यंत्रणेचा फॉर्म बी दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत. माझी स्वतःची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी, आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे तास. तपासणीला माणसं यायची म्हटलं की आठ दिवस आधीपासून आम्ही रजिस्टरं लावत बसायचो. खरं सांगते, पुष्कळ वर्षं मला हे सगळं पेशंटपासून दूर नेणारं काम वाटायचं. एका ड्रेसिंगला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्या ड्रेसिंगची नोंद करायला लागतो, असं आम्ही सिस्टर आपसात बोलायचो.

ते मत बदललं २०२१ मध्ये.

९ जानेवारीची पहाट. भंडारा इथून साठ-पासष्ट किलोमीटर. तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला मध्यरात्रीनंतर आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचली, दहा गेली. मी तेव्हा नाईट ड्युटीवर होते. पहाटे कुणीतरी मोबाइल पुढे केला आणि आम्ही चार जणी नर्सिंग स्टेशनवर नुसत्या उभ्या राहिलो. कुणी कुणाशी बोललं नाही. त्यातली एक भंडाऱ्याचीच होती. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी सुरू झाली. आमच्याकडे आले तेव्हा मी पहिल्यांदा त्या फॉर्म बीमधलं प्रत्येक वाक्य वाचलं. त्याआधी दहा-बारा वर्षं मी तो फाइलला लावत होते, वाचला एकदाही नव्हता. अग्निशामक सिलिंडर कुठे आहेत हे माझ्या वॉर्डातल्या मावशींना माहीत होतं, मला अंदाजाने माहीत होतं. ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही.

त्याच महिन्यात शुश्रूषागृहांच्या नियमांत मोठी दुरुस्ती झाली. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. पंधरा प्रकारच्या सेवांचे दर लावायचे, त्यात खाटेचं भाडं, डॉक्टरांची व्हिजिट, ऑपरेशन थिएटर, भूल, ऑक्सिजन हे सगळं आलं. आजार काय आहे हे रुग्णाला सांगायचं, त्याची संमती घ्यायची, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर अडवायचं नाही. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असतील तर सोबत स्त्री हवी. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही. तक्रार करायला एक जागा आणि एक फोन नंबर हवा.

त्याआधीच्या वर्षी कोविडमध्ये सरकारने खाजगी रुग्णालयांचे दर बांधून दिले होते. साधा वॉर्ड दिवसाला ४००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७५००, व्हेंटिलेटरसह ९०००. बिलं तपासायला लेखापरीक्षक यायचे. कोविड नसलेल्या रुग्णांच्या दरांवरचं बंधन मात्र आपल्याच नागपूर खंडपीठाने त्या ऑक्टोबरात रद्द ठरवलं. त्यामुळे २०२१ च्या नियमांत दर किती घ्यायचे हे नव्हतं, जे घ्याल ते आधी सांगा एवढंच होतं. एवढंच म्हणाले, पण ज्याच्या घरी ऑपरेशन आहे त्याला आधी सांगितलेला आकडा म्हणजे काय, ते बिलिंग काउंटरच्या शेजारी पस्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाईला विचारा.

सनदेचा बोर्ड मीच करून आणला. काउंटरच्या डाव्या बाजूला लावला. पहिले पंधरा दिवस कुणी तिकडे बघितलंही नाही. मग एक दिवस काटोलकडचे एक गृहस्थ त्याच्यासमोर उभे दिसले. संत्र्याची बाग होती त्यांची, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. बायकोचं गर्भाशय काढायचं ठरलं होतं. ते बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते, शाळेतला मुलगा वाचतो तसं, ओठ हलवत. वाचून झाल्यावर माझ्याकडे आले. "सिस्टर, हे दुसऱ्या डॉक्टरले विचाराचं लिवलं हाय, ते खरंच विचारता येते का? साहेब रागावणार तर नाही?" मी म्हटलं, "काका, लिहिलंय म्हणजे येतंच." सर थोडे नाराज झाले, ते खोटं सांगत नाही. पण रिपोर्ट आणि फिल्म त्यांनी स्वतः पाकिटात घालून दिल्या. त्या बाईंचं ऑपरेशन पुढे झालं की नाही, मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं की भिंतीवर कागद नसता तर त्या माणसाने तो प्रश्न विचारलाच नसता. प्रश्न त्यांच्या पोटात आधीपासून होता. तो विचारायला त्यांना त्या कागदाचा हात धरावा लागला.

लहान नर्सिंग होमवाले डॉक्टर या नियमांवर चिडतात. दहा खाटांच्या तालुक्याच्या दवाखान्याला आणि तीनशे खाटांच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला एकाच मापाने मोजलं जातं, असं ते म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं. नवरा-बायको दोघं डॉक्टर, चार सिस्टर, असा संसार असलेल्या जागी कागद सांभाळायला वेगळं माणूस कुठून आणायचं? पण म्हणून सनद उतरवून ठेवा, असं मी काटोलच्या त्या काकांना बघितल्यानंतर कधीच म्हणणार नाही.

आता पुन्हा वेणीकडे येते. खरं तर ती मला ज्या गोष्टीकडे घेऊन गेली तिकडे.

मी १९८८ मध्ये जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला गेले. ट्रेनिंग नागपूरबाहेर झालं. त्यात मनोरुग्णालयाची पोस्टिंग असायची. जागेचं नाव सांगत नाही. तेव्हा देशात इंग्रजांचा १९१२ चा वेडेपणाचा कायदाच चालू होता. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा संसदेत मंजूर झालेला होता, पण लागू झाला १९९३ मध्ये. स्त्रियांच्या वॉर्डात आम्ही पहिल्या दिवशी शिरलो तेव्हा मला बाया ओळखूच येईनात. सगळ्यांना एकाच रंगाचे झगे आणि सगळ्यांचे केस मशीनने बारीक केलेले. उवा होतात, आंघोळ घालायला सोपं पडतं, हे कारण आम्हाला सांगितलं गेलं आणि एकोणीस वर्षांच्या आम्हाला ते योग्य वाटलं. एक बाई रोज माझ्या शेपट्याला हात लावायची. फक्त हात लावायची. पोस्टिंग संपेपर्यंत मी घाबरून केस अंबाड्यात बांधू लागले.

२००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून गेले. त्यानंतरही बरीच वर्षं गेली. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. तो आला तेव्हा आमच्याकडे एक व्याख्यान झालं होतं, म्हणून मी तो चाळला होता. कलम २० मध्ये मानसिक आजार असलेल्या माणसाला सन्मानाने जगण्याचा हक्क आहे असं म्हटलंय, आणि कायदा तेवढ्यावर थांबत नाही. तो पुढे अगदी बारीक होत जातो. स्वतःचे कपडे घालू द्या, गणवेशाची सक्ती नको. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत. काम करून घेतलं तर मोबदला द्या. आणि सक्तीने डोक्याचे केस काढू नका. पुढच्या एका कलमात साखळीने बांधण्याला बंदी आहे. संसदेने केलेल्या कायद्यात केसांचा उल्लेख आहे हे वाचून मी त्या दिवशी व्याख्यानातून उठून बाहेर जाऊन उभी राहिले होते. शेपट्याला हात लावणारी बाई डोळ्यांसमोर आली होती.

तरीसुद्धा आयसीयूमध्ये मी स्वतः "कापून टाक" असं सांगितलेलं आहे. दहा-दहा दिवस व्हेंटिलेटरवर असलेली बाई, केसांत घाम, रक्त, चिकटपट्टीचा गोंद, मानेखाली घट्ट गोळा झालेला. नातेवाइकांची सही कधी घेतली, कधी नुसतं सांगितलं. गुंता सोडवता येतो. तेल लावून, टोकाकडून वर, एकेक बट हातात धरून, दोघी जणींनी मिळून. दोन तास लागतात. ते दोन तास आमच्याकडे नव्हते, हेही खरं. म्हणून मे महिन्याच्या त्या दुपारी मुलीवर ओरडताना माझा आवाज मलाच ऐकवेनासा झाला आणि मी गप्प झाले.

रात्री तिला जेवायला वाढलं आणि विचारलं, झोपतेस किती? आधी सांगेना. मग कळलं की आमच्याकडे येण्याआधी ती इथल्याच नंदनवन भागात एका आजोबांकडे चाळीस दिवस चोवीस तासांच्या ड्युटीवर होती. ते वारले त्याच संध्याकाळी ब्युरोने तिला आमच्याकडे पाठवलं. मधे एक रात्रसुद्धा घरी नाही. आम्ही ब्युरोला महिन्याला १८,००० द्यायचो, तिच्या हातात १०,५०० पडायचे. ट्रेनिंग? "चार दिवस शिकवलं. डायपर बदलाचा, बीपी घ्याचा. बाकी जुन्या पोरी सांगते." बेडसोर कसा होतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री उठता येत नाही, कारण अंग उठतच नाही, असं ती म्हणाली. इतक्या खालच्या आवाजात की मला वाकून ऐकावं लागलं.

तिसऱ्या दिवशी ब्युरोने तिला न विचारता, आम्हाला न विचारता बदललं. तक्रार आली म्हणून. मी तक्रार तिची केली नव्हती, त्यांची केली होती. ती सकाळी गेली. तिचा फोन नंतर लागला नाही. आईंचा डाग बारा दिवसांत गेला. हवेची गादी आणली, रात्री मी आणि नवरा आळीपाळीने उठत होतो.

मग मी एक गोष्ट करून बघितली. या ब्युरोची तक्रार कुठे करायची ते शोधायला निघाले. हॉस्पिटल असतं तर मला सगळे दरवाजे माहीत होते. ब्युरोकडे काय आहे विचारलं, तर गुमास्ता. म्हणजे दुकानाची नोंद. कटलरीच्या दुकानालाही तीच लागते. शुश्रूषागृह म्हणाल तर त्यांच्याकडे खाट नाही, कायदा खाटेला धरून चाललेला. नर्सिंग कौन्सिल म्हणाल तर ती मुलगी नर्स नाही, एएनएम म्हणजे सहायक नर्ससुद्धा नाही, कौन्सिलच्या कुठल्याच यादीत तिचं नाव नाही. घरकामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, पण ते घरकामगारांच्या हिताचं, रुग्णाच्या पाठीवरच्या डागाचं नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण आहे, पण ते मुलं सांभाळत नसतील तेव्हाचं. निर्वाहाची कमाल रक्कम महिना १०,००० आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचं वृद्धाश्रम, अशा तरतुदी त्यात आहेत. आईंची मुलं त्यांना सांभाळत होती. ग्राहक आयोग राहिला. तिथे पावती मागतात. आमच्याकडे व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोड आणि "थँक्यू मॅडम" एवढंच होतं.

एका सरकारी कचेरीत मी अर्ज घेऊन गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, मला पाणी दिलं, त्यांच्या आईलाही दोन वर्षं अशीच बाई लावली होती म्हणाल्या. मग पेन हातात धरून म्हणाल्या, "ताई, तुमचं सगळं बरोबर आहे. पण हे मी कोणत्या रकान्यात लिहू?" आवक नोंद करून त्यांनी मला शिक्का मारलेली प्रत दिली. उत्तर आलेलं नाही. मला त्यांचा राग नाही, रकानाच नाही.

रकाना होणार होता. डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्याची दुरुस्ती लोकसभेत मांडली गेली. शारीरिक किंवा मानसिक दुबळेपणामुळे रोजच्या क्रिया करता न येणाऱ्या ज्येष्ठांना घरी येऊन दिली जाणारी सेवा, असं त्यात लिहिलेलं. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी आमच्या मागच्या खोलीत येऊन बघून लिहिलंय. अशी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, वृद्धांच्या निवासांची नोंदणी, त्यांचे किमान निकष, लक्ष ठेवायला एक प्राधिकरण, असं त्यात होतं. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीने २०२१ मध्ये अहवालही दिला. पुढे ते चर्चेला आलं नाही. जून २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं. हा शब्द मी तेव्हा शिकले, व्यपगत. नामंजूर नाही, परत नाही, नुसतं विरून गेलेलं.

मला इन्स्पेक्टर घराघरात फिरायला नको आहेत. कुणाच्याही मागच्या खोलीत सरकारने डोकावावं असं मी म्हणत नाही. पण जो माणूस पैसे घेऊन दुसऱ्याच्या आईपाशी माणूस पाठवतो, त्याची कुठेतरी नोंद असावी. त्या मुलीला कूस बदलायला, कातडी बघायला, जेवण भरवताना मान कशी धरायची ते शिकवल्याशिवाय पाठवू नये. होम हेल्थ एडचे अभ्यासक्रम कौशल्य विकासात आहेतच, ते सक्तीचे करावेत. तिला आठवड्याची सुट्टी असावी, रात्रीची झोप असावी, आणि १८,००० मधले किती तिला मिळतात हे कागदावर असावं. मी हे मुलीच्या बाजूने लिहितेय की आईंच्या, असं मला नणंदेने विचारलं. मला त्यात दोन बाजू दिसत नाहीत. चाळीस रात्री जागलेल्या हातांनी कुणाची वेणी सोडवता येत नाही.

नागपुरात आता गल्लोगल्ली असे ब्युरो आहेत. मानेवाडा, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, विजेच्या खांबांवर त्यांच्या पाट्या चिकटवलेल्या असतात. मुलं पुण्याला, हैदराबादला, त्याहून लांब. घरात दोन म्हातारे. आमच्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज देताना मीच नातेवाइकांना म्हणते, घरी एक बाई लावा. सनद असलेल्या इमारतीतून पेशंट बाहेर पडतो आणि दारातून रिक्षात बसेपर्यंत ती सनद त्याच्यासोबत येत नाही. "घरी एक बाई लावा" हे वाक्य मी रोज दोन-तीनदा बोलत आले आहे. आता डिस्चार्जच्या कागदासोबत मी एक हाताने लिहिलेला कागद देते, कूस बदलायच्या वेळा, डाग कसा बघायचा, बाईला सुट्टी कधी द्यायची. सरांनी त्याची झेरॉक्स काढायला परवानगी दिली आहे.

आमच्याकडे आता एक मावशी आहेत. आमच्याच हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, सक्करदऱ्याला राहणाऱ्या. दिवसा आठ तास, रविवारी सुट्टी, पैसे थेट त्यांच्या खात्यात. रात्री आम्ही दोघं. पहिल्याच दिवशी आम्ही तिघींनी बसून एक वही केली. मावशी, मी आणि आई. त्यात कूस बदलल्याची वेळ, लघवी, जेवण, पाठ पाहिली की नाही, हे सगळं लिहितो, वॉर्डात लिहितात तसंच. पहिल्या पानावर मी लिहिलं आहे : केस, नखं, कपडे यांना आईंना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आई बोलू शकत नाहीत, पण हो असेल तर डोळे मिटून उघडतात आणि नको असेल तर तोंड भिंतीकडे वळवतात. हे आम्हाला कळायला चार महिने लागले होते. त्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तेव्हा मलाही ते पुरतं ठाऊक नव्हतं.

केस आता खांद्यापर्यंत आलेत. पांढरेशुभ्र, पूर्वीपेक्षा मऊ. यंदा एप्रिलातच ऊन तापलं आणि आईंच्या मानेवर घामोळं उठलं. मावशींनी पावडर लावली, मग कंगवा घेऊन पलंगाशी बसल्या आणि त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "मोठ्या बाई, उकडून राहिलं ना? थोडे कमी करू का केस?"

आईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. मावशींनी केस वर उचलून रबर लावलं आणि मानेखाली सुती रुमाल घातला. मी वही ओढली आणि लिहिलं : दुपारी ४.१०. केस कमी करण्याबाबत विचारले. नकार.